हातातल्या व्हिडिओ गेममधून संगीत बाहेर काढण्याची विद्या

1 मे 1981 रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांचे तालुके घेऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या दोन दशकांत मराठवाड्यातील घरांमध्ये आवाज करणाऱ्या लहान विद्युत् उपकरणांची एक पिढी येऊन गेली, आणि तिची नोंद ना व्यापाराच्या इतिहासात झाली ना संगीताच्या. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेने 1900 साली मनमाडला जोडले गेलेले जालना हे जुने बाजारपेठेचे गाव असल्याने मुंबईच्या मनीष मार्केटमध्ये किंवा लॅमिंग्टन रोडवर उतरलेला माल अशा पेठांपर्यंत पोचायला फार वेळ लागत नसे. राजूरच्या गणपतीची अंगारकी असो वा जांबसमर्थची रामनवमी, जत्रेत खेळण्यांची दुकाने लागतातच, आणि 1990 च्या दशकात महाराष्ट्रभर अशा दुकानांतून जी खेळणी विकली गेली त्यांत दोन पेन्सिल सेलवर चालणारा, ‘9999 इन 1’ असे खोक्यावर छापलेला ब्रिक गेम होता. चालू करताच तो एक छोटी धून वाजवी. त्याच सुमारास दारावरच्या घंटीतून आरतीची चाल वाजू लागली होती, आणि पुढे 2000 नंतर मोबाइलच्या खेळांतून निरनिराळे संगीत ऐकू येऊ लागले. या उपकरणांतले संगीत पुन्हा मिळवायचे तर काय करावे लागते, हा प्रश्न जपान, युरोप आणि अमेरिकेत गेली तीसेक वर्षे फार गांभीर्याने हाताळला गेला आहे. त्या प्रयत्नांचा इतिहास समजून घेतल्याशिवाय आपल्याकडच्या उपकरणांबद्दल नेमके काही बोलता येत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जुन्या हातातल्या खेळयंत्रात संगीत ध्वनिमुद्रित केलेले नसते. ग्रामोफोनच्या तबकडीवर किंवा कॅसेटच्या फितीवर प्रत्यक्ष वाजलेल्या ध्वनीचा ठसा असतो, तर खेळयंत्रात असतात केवळ आज्ञा, म्हणजे कोणत्या क्षणी कोणता स्वर, किती जोराने आणि कोणत्या पोताने वाजवायचा हे सांगणारे आकडे. ते आकडे वाचून ध्वनी निर्माण करणारी चिप त्या यंत्रातच असते आणि प्रत्येक वेळी ती संगीत नव्याने वाजवते. असे करण्यामागे जागेची टंचाई हे रोकडे कारण होते. निन्टेन्डो कंपनीचे गेम बॉय हे यंत्र 21 एप्रिल 1989 रोजी जपानमध्ये विक्रीला आले आणि त्याच्यासाठी निघालेल्या टेट्रिस या खेळाची सगळी कॅसेट (टीव्हीवरच्या गेमच्या पेटीत खोचायच्या तुकड्याला आपल्याकडे सर्रास कॅसेटच म्हणत) अवघ्या 32 किलोबाइटची होती. तीन मिनिटांचे गाणे सीडीच्या दर्जाने साठवायचे तर जवळजवळ हजारपट जागा लागते. त्या 32 किलोबाइटमध्ये खेळ, चित्रे, अक्षरे आणि संगीत हे सारे बसवायचे असल्याने संगीतकाराला स्वरलेखनाखेरीज दुसरा मार्गच नव्हता.

गेम बॉयच्या ध्वनिव्यवस्थेत चार आवाज एकाच वेळी वाजू शकतात. त्यांपैकी दोन चौकोनी तरंगाचे असतात, म्हणजे विद्युत्दाब एकदम वर जातो, काही काळ तिथे थांबतो आणि एकदम खाली येतो. वर थांबण्याचा काळ पूर्ण आवर्तनाच्या साडेबारा, पंचवीस, पन्नास किंवा पंचाहत्तर टक्के ठेवता येतो आणि त्यावर आवाजाचा पोत ठरतो. तिसऱ्या आवाजाला 32 पायऱ्यांचा एक तरंग संगीतकार स्वतः आखून देऊ शकतो, आणि चौथा आवाज हा निव्वळ खरखराटाचा असून त्यातून तालवाद्याचा भास निर्माण केला जातो. चौकोनी तरंगाच्या आवाजाची पट्टी ठरवण्यासाठी 0 ते 2047 यांमधील एक संख्या द्यावी लागते. ही संख्या 2048 मधून वजा करून आलेल्या उत्तराने 131072 ला भागले की दर सेकंदाची आवर्तने मिळतात. 440 आवर्तनांचा स्वर हवा असेल तर 1750 हा आकडा लिहावा लागतो, आणि प्रत्यक्षात 439.8 इतकी आवर्तने मिळतात. हा फरक कोणाच्याही कानाला जाणवणार नाही. वरच्या सप्तकांत मात्र या हिशेबाची मर्यादा उघडी पडते, कारण भाजक जसजसा लहान होतो तसतसे शेजारच्या दोन आकड्यांनी मिळणाऱ्या स्वरांमधले अंतर वाढत जाते. दोन हजार आवर्तनांच्या आसपास लागोपाठच्या दोन स्वरांचे गुणोत्तर 66:65 इतके होते, म्हणजे भरताच्या परंपरेतील 81:80 या प्रमाणश्रुतीहूनही ते अंतर मोठे असते. त्या पट्टीत या यंत्राला श्रुतिभेद दाखवताच येत नाही, आणि हिंदुस्तानी संगीताच्या अभ्यासकाने अशा चिपवर काही वाजवायचे ठरवले तर त्याला खालच्या सप्तकांतच राहावे लागेल.

संगीत आकड्यांत मांडण्याची ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा स्वरांतरे आवर्तनांच्या संख्येत मोजता येतात हेच त्यांना दाखवून द्यायचे होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी ठिकठिकाणच्या गायकांकडून बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या, तेव्हा त्यांच्यावर घेतला गेलेला आक्षेपही इथे लक्षात घेण्यासारखा आहे. कागदावर उतरलेली बंदिश म्हणजे गाणे नव्हे, गळा आणि तालीम यांच्याशिवाय ती मुकी आहे, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. खेळयंत्रातल्या संगीताबाबत हा आक्षेप शब्दशः खरा ठरतो. कॅसेटमधले आकडे ही स्वरलिपी आणि यंत्रातली चिप हा गळा, अशी ही जोडी आहे. नुसते ध्वनिमुद्रण करून ठेवले तर एका मैफलीची फीत मिळते, बंदिश हाती लागत नाही. नुसते आकडे काढले तर बंदिश मिळते, पण ती गाणारा कोणी उरत नाही. संगीत बाहेर काढणाऱ्यांनी गेल्या तीस वर्षांत जी खरी कामगिरी केली ती हे दोन्ही एकत्र ठेवण्याची होय, आणि म्हणूनच त्यांचे काम हौशी लोकांचा विरंगुळा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे.

व्हिडिओ गेममधले संगीत खेळापासून वेगळे ऐकण्याजोगे आहे ही जाणीव तशी जुनी आहे. जपानी संगीतकार हारुओमी होसोनो यांनी नामको कंपनीच्या खेळांतील संगीताची तबकडी 1984 साली प्रसिद्ध केली होती. परंतु ते काम कंपनीच्या संमतीने आणि ध्वनिमुद्रणाच्या मार्गाने झालेले होते. यंत्राच्या आतला संगीताचा भाग जसाच्या तसा सोडवून घेण्याची पद्धत प्रथम कमोडोर 64 या घरगुती संगणकाबाबत रूढ झाली. त्या संगणकाच्या सिड नावाच्या ध्वनिचिपसाठी लिहिलेल्या रचनांचा एक मोठा संग्रह 1996 पासून पद्धतशीरपणे जमवला जाऊ लागला आणि तो आजही वाढतो आहे. पुढे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी एनएसएफ नावाची फाइलरचना तयार झाली, आणि तिच्याच धर्तीवर गेम बॉयसाठी जीबीएस ही रचना आली.

जीबीएस फाइलची बांधणी जवळून पाहिली तर या विद्येचे मर्म कळते. फाइलच्या प्रारंभी 112 बाइटचे एक शीर्षक असते. त्यात प्रथम ‘जीबीएस’ ही तीन रोमन अक्षरे, मग आवृत्तीचा क्रमांक, एकूण गाण्यांची संख्या आणि पहिले वाजवायचे गाणे यांची नोंद असते. त्यापुढे यंत्राच्या स्मृतीतले तीन पत्ते दिलेले असतात: संगीताचा भाग कुठे ठेवायचा, गाणे सुरू करणारी आज्ञावली कुठे आहे, आणि ते पुढे चालू ठेवणारी आज्ञावली कुठे आहे. त्यानंतर स्टॅकचा, म्हणजे आज्ञावलीने मधले हिशेब तात्पुरते मांडून ठेवण्याच्या जागेचा पत्ता आणि कालमापकाच्या दोन नोंदी येतात, आणि उरलेल्या 96 बाइटमध्ये खेळाचे नाव, संगीतकाराचे नाव आणि स्वामित्वाची नोंद यांना प्रत्येकी 32 बाइट मिळतात. शीर्षकाच्या मागे येतो तो मूळ खेळातलाच तुकडा, चित्रे आणि खेळाचे नियम वगळलेला. संगणकावर असे गाणे वाजवणारा प्रोग्रॅम गेम बॉयच्या प्रोसेसरची आणि चार आवाजांच्या चिपची नक्कल करतो, गाण्याचा क्रमांक सांगून सुरुवातीची आज्ञावली एकदा चालवतो, आणि नंतर साधारणपणे सेकंदाला साठ वेळा पुढची आज्ञावली हाकतो. ज्याने ही रचना बेतली त्याने संगीतकाराच्या नावासाठी वेगळी जागा राखून ठेवली, ही गोष्ट लहान असली तरी मोलाची आहे, कारण त्या काळातील कित्येक खेळांत संगीतकाराचा नामोल्लेख पडद्यावर कुठेच होत नसे.

प्रत्यक्ष काम चिकाटीचे असते. कॅसेटच्या कडेला 32 धातूच्या पट्ट्या असतात, त्यांपैकी सोळा पत्त्यांच्या आणि आठ माहितीच्या. साध्या सूक्ष्मनियंत्रकाची जोडणी करून एकेक पत्ता विचारत गेले की कॅसेटमधला मजकूर बाइटमागून बाइट संगणकात उतरवता येतो, ज्याला या क्षेत्रातले लोक रॉम डम्प करणे म्हणतात. मोठ्या खेळांत हा मजकूर सोळा किलोबाइटच्या कप्प्यांत विभागलेला असल्याने कप्पे बदलण्याची आज्ञाही मधूनमधून द्यावी लागते. त्यानंतर खेळ अशा नकलयंत्रात, म्हणजे गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवतात ज्यात कोणत्याही क्षणी थांबून प्रोसेसर काय करतो आहे ते पाहता येते. गेम बॉयमध्ये ध्वनिचिपच्या नोंदी ठरलेल्या पत्त्यांवर असल्याने त्या पत्त्यांवर पहारा बसवला की तिथे आकडा लिहिणारी आज्ञा लगेच सापडते, आणि तिचा मागोवा घेत गेले की गाणे चालू ठेवणाऱ्या मुख्य आज्ञावलीपर्यंत पोचता येते. गाणे सुरू करणारी आज्ञावली शोधणे अधिक अवघड असते, कारण ती खेळात एखाद्या वेळीच बोलावली जाते. काही खेळांत तर संगीताची आज्ञावली आणि खेळाची आज्ञावली इतक्या गुंतलेल्या असतात की त्यांना वेगळे करण्यासाठी मधले काही दुवे नव्याने लिहावे लागतात. सगळी गाणी सापडल्यावर काही वेळा अशाही रचना हाती लागतात ज्या प्रत्यक्ष खेळात कधी वाजतच नाहीत. संगीतकाराने लिहिलेल्या, पण खेळातून गळलेल्या त्या रचना या मार्गाखेरीज कोणाच्याही कानी पडल्या नसत्या.

टेट्रिसचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्याचे संगीत हिरोकाझू तानाका यांनी बसवले. त्यातली सर्वांत गाजलेली चाल ही एका रशियन लोकगीताची, तर दुसरी एक बाखच्या फ्रेंच सुइटमधली आहे, आणि जपानमध्ये निघालेल्या अगदी पहिल्या प्रतीत रशियन चालीच्या जागी वेगळीच रचना होती. हा फरक आज निर्विवादपणे दाखवता येतो, कारण दोन्ही प्रतींतले आकडे सोडवून शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. संगीताच्या इतिहासात पाठभेदाला जे महत्त्व असते ते इथेही द्यायला हवे.

त्यापुढची यंत्रे या दृष्टीने सोपी होत गेली. 2001 साली आलेल्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्समध्ये जुन्या चार आवाजांच्या जोडीला वाद्यांचे छोटे ध्वनिनमुने वाजवण्याची सोय झाली, आणि पुष्कळ खेळांनी एकच तयार संगीतचालक वापरल्याने एका खेळासाठी लिहिलेले साधन शेकडो खेळांना चालू लागले. 2004 च्या निन्टेन्डो डीएसमध्ये तर स्वरलेखन, वाद्यसंच आणि ध्वनिनमुने ठराविक साच्यात एकत्र बांधलेले असत.

महाराष्ट्राशी या विषयाचा खरा संबंध येतो तो मोबाइलच्या खेळांमुळे. 1999 साली मुंबईत विशाल गोंडल यांनी स्थापन केलेली इंडियागेम्स ही कंपनी मोबाइलसाठी खेळ बनवणाऱ्या भारतातल्या आद्य कंपन्यांपैकी एक होती, आणि 2011 मध्ये ती डिस्नेने विकत घेतली. त्या काळातील साध्या फोनवर जावा या संगणकभाषेत लिहिलेले खेळ चालत. हे खेळ जार नावाच्या फाइलमध्ये येत, आणि जार ही प्रत्यक्षात झिप या परिचित साच्यातलीच गठडी असते. फाइलच्या नावाचा शेवट बदलून ती संगणकावर उघडली की आतली चित्रे आणि संगीताच्या फाइली सुट्या होतात; गेम बॉयच्या कॅसेटसाठी जो खटाटोप करावा लागतो त्यातले इथे काहीही करावे लागत नाही. ही संगीतफाइल बहुधा मिडी स्वरूपाची असते, म्हणजे तिच्यातही ध्वनी नसून स्वरांच्या आज्ञाच असतात, आणि त्या आज्ञा कोणत्या आवाजात वाजायच्या हे फोनमधली चिप ठरवते. त्यामुळे एकाच खेळाची चाल एका कंपनीच्या फोनवर बासरीसारखी आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनवर पिपाणीसारखी ऐकू येई. अशी फाइल आज संगणकावर वाजवली तर ऐकू येणारा ध्वनी त्या काळातील कोणत्याच फोनचा नसतो. तो संगणकाचा असतो, आणि ही गोष्ट नोंदताना स्पष्टपणे सांगायला हवी.

या खेळांच्या प्रसारात तालुक्याच्या गावांतील मोबाइल दुकानांचा वाटा फार मोठा होता. इंटरनेट महाग आणि मंद असण्याच्या काळात ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशी पाटी एसटी स्टँडच्या परिसरात हमखास दिसे, आणि दुकानदाराच्या संगणकावर भजने, लावण्या, हिंदी चित्रपटगीते, भीमगीते यांच्या फोल्डरशेजारी खेळांचेही एक फोल्डर असे. हा व्यवहार कायद्याला धरून नव्हता हे खरे. पण जावाच्या खेळांच्या ज्या प्रती आज कुठे शिल्लक असतील त्या मुख्यतः अशा कार्डांवर आणि अशा संगणकांच्या जुन्या हार्डडिस्कवर असण्याचा संभव अधिक आहे, कारण त्या काळी खेळ विकणारी मोबाइल कंपन्यांची संकेतस्थळे केव्हाच बंद पडली आहेत. अभिलेखागारांनी या सामग्रीकडे भंगार म्हणून न पाहता साधन म्हणून पाहायला हवे, आणि तेही लवकर, कारण वर्षानुवर्षे वीज न मिळालेल्या मेमरी कार्डातला मजकूर हळूहळू पुसला जातो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. भारताच्या 1957 च्या स्वामित्व अधिकार अधिनियमानुसार संगणकीय आज्ञावली ही वाङ्मयकृती मानली जाते आणि संगीतरचनेला कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे संरक्षण असते. त्याच अधिनियमाच्या कलम 52 मध्ये आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला तिची राखीव प्रत करण्याची, तसेच तिच्यामागील तत्त्वे समजून घेण्यासाठी तिच्या कार्याचे निरीक्षण आणि परीक्षण करण्याची मुभा दिलेली आहे. स्वतःच्या कॅसेटचा अभ्यास करणे आणि त्यातले संगीत लोकांत वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ नये. दुसरीकडे, अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने 2023 मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स या खेळाच्या कोजी कोंडो यांनी रचलेल्या संगीताचा राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत समावेश केला, यावरून अशा संगीताला सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळू लागला आहे हेही ध्यानात येते.

ब्रिक गेम आणि गाणारी घंटी यांच्याकडे अद्याप कोणी त्या दृष्टीने फारसे पाहिलेले नाही, आणि त्यांची अडचणही निराळी आहे. घंटीत बसणारी यूएम66 ही तीन पायांची चिप 64 स्वर पोटात घेऊन येते. कारखान्यातच कोरलेली ती चाल बदलता येत नाही, आणि कोणती चाल आहे हे चिपच्या अंगावरील क्रमांकावरून कळते. ब्रिक गेम उघडला तर हिरव्या पाटीवर काळ्या राळेचा एक टपोरा ठिपका दिसतो. चिप त्याच्या खाली असते. तिला पाय नाहीत, नाव नाही, आणि आतला मजकूर वाचण्यासाठी बाहेर काढलेला मार्गही नाही. परदेशातील काही अभ्यासकांनी अशी राळ आम्लाने विरघळवून, उघड्या पडलेल्या चिपची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे काढून, त्यांतले शून्य आणि एक डोळ्यांनी वाचून आज्ञावली परत मिळवली आहे, पण या रीतीने उपकरण कायमचे नष्ट होते आणि ती प्रयोगशाळेखेरीज करण्याजोगी नाही.

सुदैवाने इतकी टोकाची रीत प्रत्येक वेळी लागत नाही. ब्रिक गेमचा आवाज एकपदरी असतो आणि तो चौकोनी तरंगाचा असतो, म्हणून आवाजाच्या चकतीला जोडलेल्या दोन तारांवरून विद्युत्संकेत थेट ध्वनिमुद्रित केला तर प्रत्येक स्वरातील तरंगांची लांबी संगणकावर नमुन्यांच्या हिशेबात मोजता येते आणि त्यावरून स्वर आणि त्याचा कालावधी दोन्ही परत लिहिता येतात. गेम बॉयच्या चार आवाजांच्या गुंतागुंतीत जे मुद्रणावरून साधत नाही ते इथे साधते. मात्र एक दक्षता घ्यावी लागते. अशा स्वस्त उपकरणांतील घड्याळ स्फटिकाचे नसून रोधक आणि धारित्र यांच्या जोडीवर चालते, आणि सेल उतरत आला की त्याची गती बदलून पट्टी ढळते. म्हणून मुद्रणाच्या वेळी नवे सेल घालून त्यांचा दाब नोंदवणे, त्याच जातीची निदान दोन-तीन उपकरणे तपासणे, आणि मिळालेल्या चालीबरोबर पाटीचे छायाचित्र, खोक्यावरील मजकूर व ते ज्या गावातून मिळाले त्या गावाचे नाव लिहून ठेवणे आवश्यक ठरते.